साक्षीदार रेणू: शाफदानचे पाणी, नेगेवची शेती आणि कार्बामाझेपिन

तेल अवीव आणि आसपासच्या शहरांतले सांडपाणी रिशोन लेझियोनजवळच्या शाफदान या शुद्धीकरण केंद्रात येते. सुमारे पंचवीस लाख लोकांच्या घरांतले, रुग्णालयांतले आणि हॉटेलांतले हे पाणी वर्षाला १० कोटी घनमीटरहून अधिक भरते; आपल्या धरणांच्या हिशेबात सांगायचे तर चार-साडेचार टीएमसी. यातले जवळजवळ सगळे पाणी शुद्ध होऊन दक्षिणेकडे नेगेवच्या शेतीला जाते. इस्रायलमध्ये सांडपाण्याचा पुनर्वापर ८५ टक्क्यांच्या वर आहे आणि त्यातला बहुतेक शेतीसाठी होतो. इतके मोठे प्रमाण जगात दुसरीकडे नाही. त्यामुळे प्रक्रिया केलेल्या पाण्यातले औषधांचे अंश पिकात आणि पिकातून माणसात कितपत जातात, या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर अभ्यास त्याच देशात झाला, यात नवल नाही. या लेखात शाफदानचे प्रकरण एकाच रेणूच्या मागे जाऊन मांडले आहे. तो रेणू म्हणजे कार्बामाझेपिन, अपस्माराचे म्हणजे फिटचे जुने आणि स्वस्त औषध.

वाळूने काय अडवले

शाफदानची खरी करामत यंत्रांत नसून वाळूत आहे. जैविक प्रक्रिया झालेले पाणी तिथे थेट शेताला दिले जात नाही. ते किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये खणलेल्या उथळ पाझर तळ्यांत सोडले जाते. ही पद्धत १९७७ पासून सुरू आहे. एका तळ्यात साधारण दिवसभर पाणी सोडायचे आणि नंतर दोन-तीन दिवस ते कोरडे ठेवायचे, असा फेरा वर्षभर चालतो. तळे सुकले की तळाशी शेवाळ आणि गाळ यांची पातळ साय उरते. ती उन्हात तडकते, कडा वर वळतात, आणि अधूनमधून ट्रॅक्टर फिरवून वरचा थर नांगरून मोकळा केला जातो. नांगरट झाली नाही तर पुढच्या फेऱ्यात पाणी जिरत नाही, तसेच साचून राहते. कोरड्या दिवसांत वाळूच्या कणांमध्ये हवा शिरते आणि तिथल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळतो, त्यामुळे पुढच्या पाण्यातला अमोनिया आणि सेंद्रिय पदार्थ खाण्यास ते तयार होतात. पाणी असंपृक्त, म्हणजे भूजल पातळीच्या वरच्या, हवा असलेल्या थरातून खाली उतरते, भूजलात मिसळते, सहा महिने ते वर्षभर जमिनीखाली सरकत राहते आणि मग तळ्यांभोवतीच्या विहिरींतून उपसले जाते. १९८९ पासून हे पाणी ‘तिसरी वाहिनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र जलवाहिनीतून नेगेवला जाते. ही वाहिनी पिण्याच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी आहे. तरीही कोणी चुकून ते पाणी प्यायले तर अपाय होऊ नये, इतकी त्याची गुणवत्ता राखली जाते आणि त्यावर कोणतेही पीक घेण्याची मुभा आहे.

या प्रवासात रोगजंतू, गढूळपणा, फॉस्फरस आणि सेंद्रिय कर्बाचा फार मोठा भाग नाहीसा होतो. पॅरासिटामॉल, कॅफिन, आयबुप्रोफेन ही औषधे आणि रसायने जिवाणूंना सहज पचतात आणि विहिरीपर्यंत फारशी उरत नाहीत. सल्फामेथोक्साझोलसारख्या प्रतिजैविकाचे काय होईल हे थरात ऑक्सिजन किती आहे यावर अवलंबून असते. ते कुठे टिकते तर कुठे मोडते. कार्बामाझेपिन मात्र जसे आत गेले तसेच बाहेर आले. वर्षभर वाळूत मुरूनही त्याच्यात फारसा फरक पडत नाही.

वाळूच्या या गाळणीला दुसरी एक मर्यादाही आहे. दशकानुदशके सेंद्रिय पदार्थ मुरत राहिल्याने भूस्तराच्या काही भागांत ऑक्सिजन संपला, वाळूतले मँगनीज विरघळले आणि उपसलेल्या पाण्यात उतरले. मँगनीजचे काळे साके शेतकऱ्याच्या ठिबकच्या तोट्या बुजवतात. औषधांच्या चर्चेत हा मुद्दा गौण वाटेल. पण ज्याच्या शेतात ठिबकची नळी बंद पडते, त्याच्या दृष्टीने पाण्याची गुणवत्ता म्हणजे हीच.

मानकात न विचारलेला प्रश्न

इस्रायलने २०१० मध्ये शेतीसाठीच्या प्रक्रियाकृत पाण्याची मानके कडक केली. अनिर्बंध म्हणजे कोणत्याही पिकाच्या सिंचनासाठी जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) लिटरमागे १० मिलिग्रॅम, निलंबित घन पदार्थ १० मिलिग्रॅम आणि विष्ठाजन्य कोलीफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे १० अशी सरासरी मर्यादा आली. क्षार, सोडियम, बोरॉन आणि जड धातू यांच्याही मर्यादा ठरल्या, कारण त्यांचा थेट परिणाम जमिनीवर आणि पिकावर होतो. औषधांचे अंश या यादीत नाहीत. म्हणजे तिसऱ्या वाहिनीतले पाणी कायद्याच्या प्रत्येक कसोटीला उतरते, आणि तरीही त्यात एका औषधाचा माग सापडतो. यात कोणाची हलगर्जी नाही. मानक लिहिले गेले तेव्हा हा प्रश्नच विचारला गेला नव्हता.

कार्बामाझेपिन इतके चिवट का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय कळत नाहीत. अपस्माराचा रुग्ण दिवसाला साधारण ४०० ते १२०० मिलिग्रॅम औषध घेतो. यकृत त्यातल्या बहुतेकाचे रूपांतर करते आणि मूळ स्वरूपात मूत्रातून अवघे दोन-तीन टक्के बाहेर पडते. पण शरीर ज्या रेणूंना ग्लुक्युरोनिक आम्लाचे शेपूट जोडून बाहेर टाकते, त्यांचे शेपूट सांडपाण्यातले जिवाणू तोडतात. परिणामी कधी कधी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात कार्बामाझेपिन आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त मोजले जाते. केंद्राने औषध तयार केले असे वाटावे, असा हा आकडा असतो. प्रत्यक्षात ते दडलेले होते, ते उघडे झाले. जैविक प्रक्रियेत त्याचे निर्मूलन दहा टक्क्यांपर्यंतही क्वचितच जाते. ते गाळाला चिकटत नाही, उडून जात नाही आणि जिवाणूंना त्यात खाण्यासारखे काही सापडत नाही. म्हणूनच एखाद्या विहिरीत किंवा नदीत शहराचे सांडपाणी पोहोचले आहे का, हे ओळखण्यासाठी जगभरचे भूजलतज्ज्ञ कार्बामाझेपिन मोजतात. शाफदानच्या पाण्याचा भूजलातला पसाराही या रेणूच्या मदतीने शोधला गेला आहे. चोरीच्या ठिकाणी पडलेल्या पावलाच्या ठशासारखे त्याचे काम आहे.

मुळापासून पानापर्यंत

पाण्यातला रेणू पिकात शिरेल की नाही, हे त्याच्या विद्युतभारावर बरेच अवलंबून असते. डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन ही आम्लधर्मी औषधे जमिनीतल्या सामान्य सामूला ऋणभारित असतात. मुळांच्या पेशीभित्तिकाही ऋणभारित असल्याने ती मुळाशीच अडतात. कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन हे अपस्माराचेच दुसरे औषध, यांच्यावर भार नाही. ती पाण्याबरोबर मुळात शिरतात, खोडातून वर चढतात आणि पानापर्यंत पोहोचतात. पानातून पाणी वाफ होऊन उडते, रेणू मागे उरतो. दिवसामागून दिवस हेच घडत राहिले की जुन्या, पूर्ण वाढलेल्या पानांत त्याचे प्रमाण वाढत जाते. काकडीवरच्या इस्रायली प्रयोगात शोषलेल्या कार्बामाझेपिनचा बहुतांश पानांत सापडला आणि फळात त्याचा लहानसा भागच आला. चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्याचे भांडे उन्हात ठेवले तर कडेला मिठाची जी रेघ राहते, तसेच काहीसे पानाच्या कडेला होते.

याचा अर्थ पीकनिवड हाही शुद्धीकरणाचाच एक भाग आहे. तेच पाणी टोमॅटोला दिले आणि कोथिंबिरीला दिले, तर ताटात येणारे औषध सारखे नसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या इस्रायली सर्वेक्षणात ४०० हून अधिक व्यावसायिक शेतांतले पाणी, माती आणि पीक तपासले गेले आणि पालेभाज्यांत सर्वाधिक अंश आढळले. जमिनीचाही वाटा मोठा आहे. सेंद्रिय कर्ब भरपूर असलेली माती कार्बामाझेपिनला धरून ठेवते आणि पिकाला कमी मिळू देते. नेगेवच्या वाळवंटी जमिनीत सेंद्रिय कर्ब अत्यल्प, त्यामुळे तिथे ही नैसर्गिक ढाल जवळजवळ नाही.

माणसात हे पोहोचते का, याचे थेट उत्तर जेरुसलेममधल्या एका चाचणीने दिले. हिब्रू विद्यापीठ आणि हदासा ही वैद्यकीय संस्था यांच्या संशोधकांनी ३४ निरोगी स्वयंसेवकांचे दोन गट केले. एका गटाला आठवडाभर प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर पिकवलेले टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची आणि लेट्यूस दिले, दुसऱ्याला गोड्या पाण्यावरचे. दुसऱ्या आठवड्यात अदलाबदल झाली. पिण्याच्या पाण्यामुळे घोळ होऊ नये म्हणून सर्वांना बाटलीबंद पाणी दिले. सातव्या दिवशी पहिल्या गटातल्या प्रत्येकाच्या लघवीत कार्बामाझेपिन मोजण्याइतके सापडले. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रमाण औषध घेणाऱ्या रुग्णाच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट कमी होते, हे त्याच दमात सांगायला हवे. त्याचबरोबर इतक्या अल्प मात्रेत शरीर त्या औषधाचे विघटन रुग्णाच्या शरीराप्रमाणे करत नाही, हेही दिसले. म्हणजे गोळीच्या मात्रेवरून खाली भागाकार करत अल्प मात्रेचा परिणाम काढणे तितकेसे सरळ नाही. पुढे २०२० मध्ये सर्वसामान्य लोकसंख्येच्या अभ्यासात शाकाहारी लोकांच्या लघवीत हे प्रमाण जास्त आढळले. पालेभाजीशिवाय ज्यांचे जेवण पुरे होत नाही त्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा.

येथे एक फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. पिकांवरचे बहुतेक प्रयोग वाळूतून न गेलेल्या, द्वितीय (जैविक) किंवा तृतीय (त्यानंतरच्या गाळणीच्या) स्तरावर प्रक्रिया केलेल्या पाण्यावर झाले. शाफदानचे पाणी इतर बाबतींत त्याहून कितीतरी चांगले आहे. पण कार्बामाझेपिनच्या बाबतीत वाळू फारसे काही करत नसल्याने, या एका रेणूपुरते ते निष्कर्ष शाफदानलाही लागू धरणे वाजवी ठरते.

उपाय आणि त्यांचा क्रम

उलट परासरणाच्या (आरओ) पडद्यांतून पाणी नेले तर कार्बामाझेपिनच काय, बहुतेक सगळेच अडते आणि क्षारही कमी होतात. पण त्याला वीज फार लागते, पिकाला उपयोगी नत्रही निघून जाते आणि उरलेले दाट खारे पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न नव्याने उभा राहतो. सक्रिय कोळशाची भुकटी लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम मिसळली तर कार्बामाझेपिन तिला चांगले चिकटते. ती भुकटी नंतर गाळून जाळावी लागते. क्ष-किरण तपासणीत वापरली जाणारी आयोडीनयुक्त रसायने कोळशाला नीट चिकटत नाहीत आणि ओझोनलाही दाद देत नाहीत.

शाफदानच्या संदर्भात खरी चर्चा ओझोनभोवती झाली. कार्बामाझेपिनच्या मधल्या कड्यात कर्बाचा एक दुहेरी बंध आहे आणि ओझोन नेमका त्याच्यावर तुटून पडतो. पाण्यातल्या विरघळलेल्या सेंद्रिय कर्बाच्या दर ग्रॅममागे ०.५ ते ०.७ ग्रॅम ओझोन ही नेहमीची मात्रा दिली की कार्बामाझेपिन काही सेकंदांत जवळजवळ संपते. वर्षभरात वाळूला जे जमले नाही ते इथे क्षणात होते.

प्रश्न उरतो तो ओझोन वाळूच्या आधी द्यायचा की नंतर. नंतर दिला तर तो स्वस्त पडतो, कारण वाळूने सेंद्रिय कर्ब आधीच खाऊन टाकलेला असतो: लिटरला १० मिलिग्रॅम कर्ब असलेल्या पाण्याला सहा मिलिग्रॅमच्या आसपास ओझोन लागेल, तर एक मिलिग्रॅम कर्ब उरलेल्या पाण्याला एक मिलिग्रॅमही लागणार नाही. पण ओझोन रेणूचे तुकडे करतो, त्याला पूर्ण नाहीसा करत नाही. नंतर दिला तर ते तुकडे गाळल्याशिवाय थेट शेतात जातात. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट हा नको असलेला पदार्थही तयार होतो. आधी दिला तर खर्च वाढतो, मात्र तुकडे वाळूतल्या जिवाणूंना पचण्याजोगे होतात आणि पाण्यात विरघळलेला जास्तीचा ऑक्सिजन वाळूच्या थराला मिळतो. शाफदानमध्ये पथदर्शी प्रमाणावर हाच दुसरा क्रम तपासला गेला: आधी ओझोन, मग महिनोन्‌महिन्यांऐवजी काही आठवड्यांचा छोटा भूस्तर प्रवास. यामागे औषधे काढण्याइतकेच दुसरेही कारण होते. सांडपाणी वाढत होते, तळ्यांची जिरवण क्षमता मर्यादित होती आणि नवीन वाळूची जमीन शहराच्या इतक्या जवळ मिळणार नव्हती. पाणी जमिनीखाली कमी काळ थांबवूनही तोच दर्जा मिळत असेल तर तीच जमीन अधिक पाणी मुरवू शकते. सहसा अभियंते औषधांचा प्रश्न अशा एखाद्या व्यावहारिक निमित्तानेच हाती घेतात, आणि त्यात वावगे काही नाही.

साक्षीदार आणि न्यायाधीश

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. कार्बामाझेपिन कमी झाले म्हणजे औषधांचा प्रश्न सुटला, असा निष्कर्ष अनेक अहवालांत अलगद काढला जातो. ज्या रेणूला वाळू हात लावू शकत नाही, तो वाळूच्या गाळणीतून काय निसटते हे दाखवायला उत्तम. पण ओझोनपुढे तोच रेणू पहिल्यांदा कोसळतो. ओझोनच्या यशाचे मोजमाप त्याच्यावरून करणे म्हणजे सर्वांत सोप्या पेपरावरून निकाल लावणे होय.

लॅमोट्रिजिनचे उदाहरण पाहा. हेही अपस्माराचे औषध, तेही भारविरहित, तेही पानात साठणारे. २०१४ मध्ये हिब्रू विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर गाजर आणि रताळी वाढवली आणि त्यांतले अंश ‘विषविज्ञानीय चिंतेचा उंबरठा’ या कसोटीवर तपासले. ज्या रसायनाबद्दल पुरेशी माहिती नाही, त्याच्या रचनेवरून सावधगिरीची अत्यंत कमी मर्यादा ठरवणारी ही पद्धत आहे. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत २५ किलो वजनाच्या मुलाने रोज अर्धे गाजर, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम, खाल्ले तरी ही मर्यादा गाठली जात होती. अर्धे गाजर विषारी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. उंबरठा ओलांडला म्हणजे त्या रेणूचा नीट अभ्यास करण्याची वेळ आली, इतकेच तो सांगतो. पण या अभ्यासाने ज्याच्याकडे बोट दाखवले, त्या लॅमोट्रिजिनशी ओझोनची अभिक्रिया अतिशय मंद आहे. म्हणजे ओझोनच्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात कार्बामाझेपिन शून्याजवळ दिसेल आणि लॅमोट्रिजिन बऱ्याच अंशी तसेच असेल. अहवाल समाधानकारक वाटेल आणि गाजराचा प्रश्न होता तिथेच राहील.

त्यामुळे शाफदानसारख्या ठिकाणी निर्देशक रेणूंचा एक छोटा संच हवा, ज्यात ओझोनला पटकन शरण जाणारा एक, मंदपणे जाणारा एक, जिवाणूंनी सहज खाल्ला जाणारा एक आणि कोणालाच दाद न देणारा एक असेल. युरोपीय संघाने २०२४ च्या शहरी सांडपाणी निर्देशात काहीसा हाच मार्ग धरला आहे: दीड लाख लोकसंख्येइतका भार असलेल्या मोठ्या केंद्रांना २०४५ पर्यंत टप्प्याटप्प्याने चौथ्या स्तराची, म्हणजे अशी सूक्ष्म रसायने काढण्याची प्रक्रिया करावी लागेल, ठरवून दिलेल्या यादीतल्या रेणूंचे ८० टक्के निर्मूलन दाखवावे लागेल आणि या जास्तीच्या खर्चाचा किमान ८० टक्के भाग औषधे व सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या उत्पादकांनी उचलावा असे त्यात म्हटले आहे. त्या यादीत कार्बामाझेपिन आहे, लॅमोट्रिजिन नाही.

मुळाशीच अडवण्याचा मार्ग इस्रायलने बोरॉनच्या बाबतीत यशस्वी करून दाखवला होता. कपडे धुण्याच्या पावडरीतला बोरॉन सांडपाण्यातून शेतात येत होता आणि पिके जळत होती. १९९९ पासून पावडरींवर मर्यादा आली आणि सांडपाण्यातला बोरॉन उतरला. फिटच्या औषधाबाबत असे करता येत नाही. रुग्णाला गोळी कमी घे म्हणणे हा पर्याय नाही, आणि म्हणूनच सगळे ओझे शेवटी शुद्धीकरणावर येते.

तोवर सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पाण्याची आणि पिकाची जोडी लावणे. भारविरहित औषधे असलेले पाणी कापूस, फळबागा, गहू यांना द्यावे. पालेभाज्या आणि गाजर-रताळ्यांना त्यातून वगळावे किंवा त्यांच्यासाठी गोडे पाणी मिसळावे. आणि वालुकामय जमिनीत कंपोस्ट घालून सेंद्रिय कर्ब वाढवावा. यातली कोणतीही गोष्ट नवीन यंत्र मागत नाही. मात्र कोणत्याही पिकाची मुभा असलेले पाणी देऊन पुन्हा पिकाचे बंधन घालणे, हे शेतकऱ्याच्या गळी उतरवणे सोपे नाही, कारण चांगला भाव त्याच भाज्यांना असतो.

पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या पाणी उपसा विहिरीतून) प्रक्रिया केलेले पाणी कालव्यात सोडून हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला देण्याची योजना आहे आणि त्यासाठी वर्षाला साडेसहा टीएमसीचा हिशेब मांडला गेला. हे प्रमाण शाफदानहून मोठे आहे, पण मध्ये वाळूची तळी नाहीत. इथे पहिली काळजी जिवाणूंची आणि प्रक्रियेविना नदीत मिसळणाऱ्या पाण्याची आहे. औषधांचा क्रम त्यानंतरचा. तरीही कालव्याकाठच्या विहिरींत शहराचे पाणी कुठवर झिरपले आहे, हे कळायला त्या विहिरींतले कार्बामाझेपिन मोजता येईल, कारण साक्षीदाराचे काम तो रेणू चोख करतो. त्याच पाण्यावरच्या मेथीत काय उतरले, हे तपासायचे असेल तर मात्र त्याच्या जोडीला लॅमोट्रिजिनही मोजावे लागेल.